आवाज न देता माळवदावर

आम्ही धाराशिवला निघालो तेव्हा माझ्या माहेरी रडारड झाली. आमचं गाव रत्नागिरीकडचं, समुद्राकाठचं. तिथली माणसं मुंबईला जात, बोटीवर जात, आफ्रिकेलासुद्धा जात, आणि त्यांना हसत निरोप दिला जाई. पण मी चालले होते मोगलाईत, म्हणजे निजामाच्या राज्यात. तिथं कोणी आपणहून जात नाही अशी आमच्याकडे समजूत होती. आत्येनं तर डोळे पुसत विचारलं, "तिकडे मीठ तरी मिळतं का गो?" मी म्हटलं, "मिळत असेल, माणसं जेवतात ना तिथं!" आणि ट्रंकेत गुपचूप मिठाची पुडी टाकली.

हे मुंबईच्या कापडगिरणीत फिटर होते. जॉबरशी, म्हणजे खात्याच्या मुकादमाशी, भांडण झालं, नोकरी गेली. तेवढ्यात कळलं की धाराशिवच्या एका कापूस व्यापाऱ्याला त्याच्या जिनिंगचं, म्हणजे कापसातली सरकी काढणाऱ्या गिरणीचं, इंजिन सांभाळायला माणूस हवा आहे. लढाईचे दिवस होते, सुटे भाग मिळत नव्हते, त्यामुळे मोडकं इंजिन दामटून चालवणाऱ्याला मान होता. ह्यांचा हात इंजिनावर चांगला होता आणि तोंड त्याहून सैल. रस्त्यानं जाणाऱ्या कोणालाही "काय, बरं आहे ना?" असं विचारल्याशिवाय ह्यांना पुढे जाववत नसे. वाईट विचार त्यांच्या मनात कधी आला असेल असं मला वाटत नाही. आमच्या नशिबी जे आलं ते ह्या चांगुलपणामुळेच आलं, हे मी आधीच सांगून टाकते.

बार्शीच्या छोट्या गाडीनं येडशीपर्यंत गेलो. हद्दीवर करोडगिरीच्या, म्हणजे जकातीच्या, शिपायानं ट्रंक उघडायला लावली. मिठाची पुडी त्याला दिसली नाही, पण आमसुलांचा डबा दिसला. ते काळे, चिकट तुकडे बघून गडी एकदम ताठ झाला. "अफीम?" ह्यांनी दोन आमसुलं स्वतः चावून दाखवली आणि एक त्याच्या हातावर ठेवलं. त्यानंही चावलं, आणि बराच वेळ त्याला डोळे उघडता आले नाहीत. मग हसत हसत त्यानं आम्हाला सोडलं. मला वाटलं, चला, माणसं बरी आहेत इथली.

कागदावर गावाचं नाव उस्मानाबाद, लोकांच्या तोंडी धाराशिव. नाणं वेगळं, टपालाचं तिकीट वेगळं, महिन्यांची नावं वेगळी. रविवारी गिरणी चालू आणि शुक्रवारी बंद. मुंबईत रोज वर्तमानपत्र वाचणारे हे इथं कचेरीच्या पाटीपुढे अडाण्यासारखे उभे राहत, कारण पाटी उर्दूत. विहिरीवर बायका विचारत, "कुठल्या मुलखाच्या तुमी?" मी गाव सांगे. ते त्यांना ठाऊक नसे. "म्हंजी इंग्रजाच्या राज्यातल्या," असं त्या आपसात ठरवत आणि माझ्याकडे कीव आल्यासारखं बघत. कीव करायला मी आले होते, ह्या कोण माझी कीव करणार? मला भयंकर राग यायचा. राग मला नेहमीच पटकन येतो आणि तो आला की मला फार शहाणपण सुचतं. पुढं जे झालं त्यात ह्या शहाणपणाचाही वाटा आहे.

राहायला घर मिळालं एका लिंगायत किराणा व्यापाऱ्याचं. पुढं मालक, मागच्या दोन खोल्या आमच्या. मालकीणबाईंना सगळी गल्ली अक्का म्हणायची. घर दगडमातीचं, हातभर जाड भिंतींचं, आणि वर माळवद. लाकडी तुळयांवर काटक्या, त्यावर माती आणि सगळ्यांत वर पांढऱ्या मातीचा थर देऊन केलेलं सपाट छत म्हणजे माळवद. आमच्या कोकणात छप्पर उतरतं, कौलांचं. त्यावर माकडं चढतात आणि वर्षातून एकदा कौलं परतणारा चढतो. पहिल्यांदा मी दगडी पायऱ्यांनी माळवदावर गेले तेव्हा घसरेन ह्या भीतीनं मटकन खाली बसले. सपाट छतावर! मग हळूहळू चटक लागली. गल्लीतल्या सगळ्या घरांची माळवदं एकमेकांना लागून होती. बायका तिथं वाळवणं घालत, केस वाळवत, गप्पा मारत. मीही सकाळी वर जाई. हे मात्र उजाडता गिरणीत जात आणि अंधार पडता येत. शुक्रवारी आठवड्याची झोप काढत, त्यामुळे वर काय आहे हे त्यांनी कधी पाहिलंच नव्हतं.

आमच्या मागच्या अंगणाच्या भिंतीत एक लहान दार होतं. भिंतीपलीकडे एका पेशकारसाहेबांचं घर. पेशकार म्हणजे कोर्टात न्यायाधीशापुढे कागद ठेवणारा कारकून. ते आता निवृत्त झाले होते आणि त्यांना छातीचं दुखणं होतं. घरात ते, त्यांची बायको आणि सर्वांत धाकटी मुलगी, माझ्याहून दोन-तीन वर्षांनी लहान. त्या बाईंना मी खाला, म्हणजे मावशी, म्हणू लागले. मुलगी मला भाबी म्हणे. मधलं दार फक्त बायकांसाठी होतं. गल्लीतून, लोकांच्या समोरून न जाता बायकांना एकमेकींकडे जाता यावं म्हणून जुन्या लोकांनी ठेवलेलं.

ते दार नसतं तर मी त्या गावात वेडी झाले असते. आमच्याकडची भाकरी तांदळाची, उकडीची. ज्वारीची भाकरी माझ्याच्यानं जमेना, परातीतच तिचे तुकडे पडत. पहिल्या आठवड्यात ह्यांनी तुकडे कुस्करून दुधात खाल्ले आणि काही बोलले नाहीत. त्यामुळे मला जास्तच रडू आलं. एका सकाळी मधल्या दारातून ती मुलगी आली, माझ्या परातीकडे बघितलं आणि तोंडावर ओढणी दाबून हसत सुटली. "भाबी, पिठाला मारायचं न्हाय वो. फिरवायचं. लई हलक्या हातानं." तिनं थापलेली भाकरी ताटाएवढी झाली आणि टम्म फुगली. त्यांच्या हातचं आपण खावं का, ह्यावर मी एक दिवस विचार केला. दुसऱ्या दिवशी भूक लागली. अक्कांना मात्र कळू दिलं नाही.

रोज संध्याकाळी मी ह्यांना दिवसभराचं सांगे. तिनं काय शिकवलं, खाला काय म्हणाल्या. हे कौतुकानं ऐकत. तिला त्यांनी कधी पाहिलं नव्हतं, पण घरात तिचा उल्लेख 'ताई' असाच करत. "आज ताईंनी केली वाटतं भाकरी," असं पहिल्या घासालाच ओळखत.

ह्याच घरानं मला तकल्लुफ शिकवला. झालं असं. खालांकडे कलाईचं एक सुरेख पानदान होतं, नक्षीचं. मी सहज म्हटलं, "किती छान आहे!" खाला लगेच म्हणाल्या, "पसंद है? ले को जाव बेटी, तुमाराच है." मला भरून आलं. माझ्या घरच्या माणसांनीही मला इतक्या मोकळेपणी कधी काही दिलं नव्हतं. मी पानदान उचललं, पाया पडले आणि घरी घेऊन आले. दुसऱ्या दिवशी ती आली ती पोट धरून हसतच. म्हणाली, "भाबी, आम्मा पान खायला तरसाया लागली. तुमी खरंच नेलं व्हय?" मग तिनं मला बसवून समजावलं. मोठ्या घरची माणसं अशी बोलतात. समोरच्यानं एखादी वस्तू वाखाणली की 'तुमचीच आहे' म्हणायचं. समोरच्यानं हात जोडून नको म्हणायचं. चहाला दोनदा नाही म्हणून तिसऱ्यांदा घ्यायचा. आपल्या घराला गरीबखाना म्हणायचं. पाहुणा कंटाळवाणा असला तरी 'इतक्यात कुठं निघालात' म्हणायचं. ह्या सगळ्याचं नाव तकल्लुफ. मी लाजेनं मान खाली घालून पानदान परत केलं. खालांनी मला जवळ घेतलं आणि पहिलं पान मलाच करून दिलं.

पण एकदा शिकले ते शिकले. त्यानंतर मला ह्या गोष्टीचा फार ताठा चढला. ह्यांना मी धडे देऊ लागले. व्यापारी म्हणाला 'जेवून जा', तर जेवू नका. दुकानदार म्हणाला 'राहू द्या, नंतर द्या', तर लगेच द्या. इथली माणसं मनातलं ओठांवर आणत नाहीत, ते आपण ओळखायचं असतं. हे म्हणत, "अगो, मला हे जमायचं नाही. मला कोणी ये म्हटलं की मी जातो." मी म्हणे, "म्हणून तर मी आहे."

त्या हिवाळ्यात मुलीचं लग्न ठरत आलं. मुलगा नळदुर्गचा, तहसिलीत नोकरीला. आईवेगळा, आत्यानं वाढवलेला, त्यामुळे तिथं आत्याचा शब्द शेवटचा. आधी दोन ठिकाणी बोलणी होऊन थांबली होती. पेशकारसाहेबांना एकच ध्यास होता, डोळे मिटायच्या आत हिचं व्हावं. खाला नमाज झाल्यावर तेवढंच मागत. ती स्वतः काही बोलत नसे, पण मी नळदुर्गचं नाव काढलं की तिच्या हातातली भाकरी एकीकडे जाड व्हायची. मुलाला तिनं तिच्या मामेभावाच्या लग्नात जाळीआडून पाहिलं होतं. एकदा मला हळूच म्हणाली, "लई उंच हाय, भाबी. दारातून वाकून आला." आणि त्या दिवशी सारखी हसत होती.

मग तो शुक्रवार आला. गिरणी बंद, हे घरी. मी आमसुलांना ओल लागली म्हणून ती माळवदावर वाळत घातली होती आणि खाली भाकऱ्या थापत होते. एकाएकी वावटळ उठली. अंगणातली पत्र्याची बादली गडगडली. माझे हात पिठानं भरलेले, तव्यावर भाकरी. मी ओरडले, "अहो, आधी वर पळा, आमसुलं उडाली!"

हे दोन-दोन पायऱ्या चढत वर गेले.

मी खालून त्यांचा आवाज ऐकला. आमच्या गावाकडे घराघरांमध्ये दगडांचा गडगा असतो आणि त्यावरून माणसं एकमेकांशी मोठ्यानं बोलतात, तसाच तो आवाज होता, मोकळा, आनंदी. "अरे वा, तुम्हीच का ताई? तुमच्या हातची भाकरी म्हणजे काय सांगू! आणि नळदुर्गला गेलात तरी आम्हाला विसरू नका हो!"

पलीकडे काहीतरी भांडं पडलं. हे आमसुलं धोतराच्या सोग्यात घेऊन हसत खाली आले. "लाजल्या बिचाऱ्या. खाली अंगणात केस मोकळे सोडून बसल्या होत्या, आत पळाल्या." मीही हसले. देवाशपथ सांगते, मीही हसले.

दुपारी मी वाटीत सोलकढी घेऊन मधल्या दाराशी गेले. दार ढकललं. पलीकडून कडी होती. वर्षभरात ती कडी मी कधी लागलेली पाहिली नव्हती.

अक्का पदर खोचून आल्या. त्यांनी आधी कपाळावर हात मारला. "अगं बाई, काय करून बसले तुमचे मालक! आवाज न देता माळवदावर गडी मानूस चढतंय व्हय कुठं?" तेव्हा मला कळलं. माळवदावरून सगळ्यांची अंगणं दिसतात. अंगणात बायका कशाही बसलेल्या असतात. म्हणून पुरुषाला वर जायचं असेल तर तो पायऱ्यांशी उभा राहून मोठ्यानं आवाज देतो, "परदा करा हो!" मग जरा थांबतो, बायका आत जातात, आणि मगच तो चढतो. पांढरी माती टाकायला येणारे गडीसुद्धा तसंच ओरडतात. मी ते ओरडणं कितीदा ऐकलं होतं! मला वाटायचं, कोणी पडदे विकायला आलाय. हे आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं, कारण त्या गावात हे सांगावं लागत नाही. चालायला लागलेल्या पोरालासुद्धा ठाऊक असतं.

"आन् त्यात त्यांच्याकडं नळदुर्गची आत्याबाई बसलेली," अक्का म्हणाल्या. "वसरीत, सावलीला. तुमच्या मालकाला ती दिसली न्हाय. तिनं मात्र समदं ऐकलं. शेजारच्या बाप्याला पोरीच्या हातची भाकरी ठावं, पोरीचं लगीन कुठं ठरलंय त्ये ठावं. ती काय समजंल, तुमीच सांगा." जाता जाता भाकरीवरून त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की त्याचा हिशेब नंतर होणार हे मला समजलं. पण तेव्हा मला त्याचं काही वाटलं नाही.

पहिला दिवस मी रागात काढला. ह्यांच्यावर राग, अक्कांवर राग, असल्या गावावर राग. बघितलं तर बघितलं, एवढं आभाळ कोसळलं का? दुसऱ्या दिवशी राग उतरला आणि लाज आली, आणि भीती. तिचं लग्न मोडलं तर ते आमच्यामुळे मोडेल. मी मधल्या दाराशी जाऊन उभी राहायची. पलीकडे पाणी ओतल्याचा आवाज यायचा, खालांचा खोकला यायचा. तिचा आवाज नाही. हे दोनदा साहेबांची माफी मागायला गेले, दोनदा ते घरी नव्हते. हे जेवेनासे झाले. "अगो, मी तिला बहीण समजून बोललो," एवढंच पुन्हा पुन्हा म्हणायचे, आणि मला त्यांचाही राग येई नि कीवही येई.

चौथ्या दिवशी, मंगळवारी, पेशकारसाहेब स्वतः आमच्या दारात आले. शेरवानी, टोपी, हातात काठी. ते आमच्याकडे कधी आले नव्हते. हे गडबडून उठले, खाट झटकली. मी दाराआड उभी राहिले. साहेब बसले, दम लागला होता म्हणून जरा थांबले. ह्यांनी हात जोडले तर त्यांनी ते धरून खाली केले. म्हणाले, "जो हुआ, अनजाने में हुआ. आप लोगां नये हैं, आपको बताना हमारा काम था." मग ते सावकाश, एकेक शब्द वेगळा करून बोलले. "आप कहीं मत जाव. मकान मत छोड़ो. जैसे रहते थे वैसेच रहो." उठताना त्यांनी पुन्हा तेच सांगितलं. आणि उंबऱ्यापाशी वळून तिसऱ्यांदा.

ते गेल्यावर ह्यांच्या तोंडावर चार दिवसांनी रंग आला. "बघ, केवढा मोठा माणूस! राहा म्हणाले."

मी म्हटलं, "तुम्हाला काही कळत नाही."

आणि मग मी त्यांना समजावलं. असं का म्हणाले, इथली माणसं कशी बोलतात, तिसऱ्यांदा म्हणणं हीसुद्धा इथली रीतच. एवढा आजारी माणूस काठी टेकत आपल्या दारात आला, तो काय राहा सांगायला? 'जा' हा शब्द त्यांच्या तोंडून निघणार नाही, म्हणून ते 'जाऊ नका' म्हणून गेले. जाण्याचा विषय आपण काढला होता का? त्यांनी काढला. त्यातच समजायचं. आपण इथं आहोत तोवर त्या आत्याबाईच्या डोळ्यांत सलणार. आपण उठलो तर त्यांच्या मुलीचं होऊन जाईल. "आपण जायचं," मी म्हटलं. "त्यांनी न मागता द्यायचं."

हे म्हणाले, "पण अगो, ते तर राहा म्हणाले ना?" बराच वेळ ते त्याच एका वाक्यावर अडून बसले. मग नेहमीसारखं माझं ऐकलं.

गिरणीच्या आवारात इंजिनघराला लागून एक पत्र्याची खोली होती. व्यापाऱ्यानं ती लगेच दिली. हे म्हणाले, शुक्रवारी सुट्टी आहे, तेव्हा सामान हलवू. मला धीर नव्हता. शुक्रवारी पुन्हा सगळी गल्ली घरी असणार, त्यांच्यासमोर कशाला? गुरुवारीच दुपारी मी बैलगाडी बोलावली. अक्का दारात येऊन म्हणाल्या, "इतकी घाई कशाला वो? जरा दम धरा की." मी भांडी गाडीत चढवत राहिले. मधल्या दाराशी गेले, दारावर हात ठेवला. हाक मारावीशी वाटली. पण मला वाटलं, आता गप्प जाणंच शोभेल. मला माझा फार अभिमान वाटत होता. आम्ही परके, आणि तरी एवढं करतोय, असं वाटत होतं. गाडीत बसल्यावर मी रडले, आणि ते रडणंही मला चांगलं वाटलं.

पत्र्याच्या खोलीत दिवसभर इंजिनाचा धडधडाट. भिंती हलत, कापसाचे तंतू नाकातोंडात जात. बोलायला कोणी नाही. मी मनाशी दिवस मोजत असे. आता साखरपुडा झाला असेल, आता मेंदी असेल. बोलावणं येणार नाही हे मला कळत होतं, पण निदान बातमी यावी. दोन महिने गेले. एका बाजारच्या दिवशी भाजीच्या पालाशी अक्का भेटल्या. मी विचारलं, "लग्न कधी झालं?"

"कुणाचं?" अक्का म्हणाल्या. "मोडलं की ते. तवाच मोडलं."

मी पिशवी तिथंच ठेवून गेले. गल्लीतून, पुढच्या दारानं, सगळ्यांच्या देखत. कडी वाजवली. खालांनी दार उघडलं, मला बघितलं आणि आत घेतलं, पण आतल्या खोलीत नाही, दाराजवळच्या अरुंद बोळात. तिथं एक बाज होती, तिच्यावर आम्ही दोघी बसलो. त्या वाळल्या होत्या. मी विचारलं, ती कुठं आहे? म्हणाल्या, मामाकडे आहे, बीदरला. तिकडच्या एका माणसाशी बोलणं चाललंय. बिजवर आहे, तीन मुलं आहेत. रमजान झाला की उरकून टाकू.

"खाला, मला वाटलं होतं, आम्ही गेलो की सगळं मिटेल."

खालांनी सांगितलं, अगदी हळू, घरातल्या दुसऱ्या कोणाचं काही सांगावं तसं. आमच्या दारात येण्याआधी साहेब नळदुर्गला जाऊन आले होते, मोटारीनं, छाती धरून. त्यांनी आत्याबाईला सांगितलं, शेजारची माणसं परमुलखाची आहेत, साधी आहेत, त्यांना रीत माहीत नव्हती. त्या माणसाच्या बायकोला तुम्ही स्वतः भेटा, तिच्याशी बोला, मग काय ते ठरवा. आत्याबाई तयार झाली. पुढच्या शुक्रवारी ती आली. तिला ओसरीत बसवून खालांनी मधल्या दाराची कडी काढली आणि मला बोलवायला आमच्या अंगणात आल्या.

"घर खाली था," खाला म्हणाल्या. "चूल भी ठंडी."

आत्याबाई एवढंच म्हणाली म्हणे, की काही नव्हतंच तर आठवडाभरात बिऱ्हाड का उचललं? चहा न घेता ती उठली.

मी म्हटलं, "साहेब राहा म्हणाले होते. तीनदा म्हणाले होते. पण मला वाटलं, ते तकल्लुफ म्हणून म्हणतायत."

खालांनी माझ्याकडे पाहिलं. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. "बेटी," त्या म्हणाल्या, "अपनी लड़की की बात में कोई तकल्लुफ करता क्या?"

मी घरी आले. हे इंजिनाखालून बाहेर आले, हात पुसत, आणि विचारलं, "भाजी कुठाय?" मी म्हटलं, पिशवी बाजारात राहिली. ते हसले आणि स्वतः आणायला गेले. तेव्हाच सांगायला हवं होतं. मी सांगितलं नाही.

त्या वर्षी रमजाननंतर ते एकदा गिरणीतून फार खुशीत आले. कोणीतरी त्यांना सांगितलं होतं की पेशकारसाहेबांच्या मुलीचं लग्न झालं. कुठं, कोणाशी, हे त्यांनी विचारलं नव्हतं. त्यांच्या मते ते एकच लग्न होतं. "अगो, तू म्हणालीस तेच बरोबर," ते म्हणाले. "आपण वेळेवर उठलो म्हणून झालं."

आम्ही धाराशिव सोडलं, पुन्हा मुंबईला आलो, मुलं झाली, नातवंडं झाली. हे जाऊन आता बरीच वर्षं झाली. कोणी विचारलं की तुम्ही निजामाच्या राज्यात होतात ना, तर ते हौसेनं सगळं सांगायचे, आमसूल खाणारा शिपाई, इंजिन, भाकरी. स्वतःची चूकही सांगायचे, काही न लपवता. आणि शेवटी माझ्याकडे हात करून म्हणायचे, "हिच्यामुळे त्या मुलीचं लग्न वाचलं." सगळे माझ्याकडे कौतुकानं बघायचे. मी मान हलवायची आणि चहा टाकायला आत जायची.